ज्येष्ठांचा मोबाइल वर्ग: फोन त्यांच्याच हातात राहू द्या

ज्येष्ठ नागरिक संघात, विरंगुळा केंद्रात किंवा वाचनालयाच्या खोलीत मोबाइल-संगणकाचा वर्ग सुरू करणार असाल, तर मदतनिसांना पहिल्याच दिवशी एक नियम सांगा: शिकणाऱ्याच्या फोनला आपलं बोट लावायचं नाही. घरी नेमकं हेच होतं. "इकडे द्या, मी करून देतो" म्हणत मुलगा दहा सेकंदांत काम उरकतो आणि आजोबा होते तिथेच राहतात. वर्गातही तेच होणार असेल, तर वर्ग कशाला?

नियम पाळायला सोपा जावा म्हणून मदतनिसाला समोर नाही, शेजारी बसवा. समोरून स्क्रीन उलटी दिसते आणि हात आपोआप फोनकडे जातो. दाखवायला हातात टोपण लावलेलं प्लास्टिकचं पेन द्या. पेनाने बटण दाखवता येतं, पण ते चुकून दाबलं जात नाही, कारण स्क्रीनला त्वचेचा स्पर्श लागतो.

बारा शिकणारे, पुढे शिकवणारा एक आणि मदतीला चार जण, हे प्रमाण ठेवा. एका मदतनिसाकडे तिघांपेक्षा जास्त दिले की चौथा माणूस वाट बघत बसतो आणि पुढच्या वेळी येत नाही. जवळच्या महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं चांगली मदत करतात, फक्त त्यांना आधी दोन तास तयार करा. भाषा सगळ्यांची एकच हवी: दाबा, दाबून धरा, सरकवा. एकाने ‘क्लिक’, दुसऱ्याने ‘टच’ आणि तिसऱ्याने ‘टॅप’ म्हटलं, तर शिकणाऱ्याला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात.

आठवड्यातून दोनदा, दुपारी चार ते सव्वापाच. सकाळी बायका स्वयंपाकात असतात, साडेपाचनंतर फिरायला जायची घाई असते. पंचाहत्तर मिनिटांतली पहिली दहा मागच्या उजळणीला, वीस नव्या कामाला, पस्तीस सरावाला आणि शेवटची दहा वहीत लिहायला. नवं काम एकच. दोन शिकवली तर घरी पोचेपर्यंत दोन्ही विसरली जातात.

सामान फारसं लागत नाही. दोन एक्स्टेंशन बोर्ड, टाइप-सीचे तीन आणि जुन्या फोनसाठी मायक्रो यूएसबीचा एक चार्जर, हॉटस्पॉट चालू ठेवलेला एक फोन, काच पुसायचं मऊ कापड, दोन नंबरचे दोन तयार चष्मे, जाड काळे पेन आणि प्रत्येकाला शंभर पानी वही. खिडकी शिकणाऱ्यांच्या पाठीमागे ठेवू नका, स्क्रीनवर उजेड चमकतो आणि काहीच दिसत नाही. पुढे टीव्ही असेल तर शिकवणाऱ्याचा फोन एचडीएमआयने किंवा स्क्रीन कास्टने जोडा. पण त्यात बोट दिसत नाही, फक्त पडदा बदलताना दिसतो. त्यासाठी ‘अबाउट फोन’मध्ये ‘बिल्ड नंबर’ सात वेळा दाबून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि ‘शो टॅप्स’ चालू करा. आता बोट टेकेल तिथे टीव्हीवर ठिपका उमटेल. हा फोन वर्गाचाच जुना फोन असावा, कारण डेव्हलपर ऑप्शन्स चालू असले की काही बँकांची ॲप चालत नाहीत.

पहिला दिवस शिकवायचा नाही, तपासायचा. प्रत्येकाच्या फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि शिल्लक जागा वहीत लिहा. मग खरा प्रश्न विचारा: फोनमधलं गूगल खातं कुणाचं? बऱ्याचदा ते नातवाने घाईत उघडलेलं असतं, पासवर्ड कुणालाच आठवत नाही आणि रिकव्हरीचा, म्हणजे विसरलेला पासवर्ड परत मिळवण्यासाठीचा, नंबर पुण्यातल्या नाहीतर न्यू जर्सीतल्या मुलाचा असतो. फोन बिघडला की सगळे संपर्क आणि फोटो अडकतात. रिकव्हरीसाठी शिकणाऱ्याचा स्वतःचा नंबर घाला. नवा पासवर्ड घरच्या वहीत लिहून ती वही कपाटात ठेवायला सांगा. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर आणि हातातला नंबर एकच आहे का, तेही याच वेळी विचारा. यूपीआय आणि पेन्शनची कामं इथेच अडतात.

त्यानंतर फोन त्यांच्या हाताला जुळवून घ्या. बटणं शिकणाऱ्यानेच दाबायची. अक्षर मोठं करताना एकेक पायरी वाढवा. सगळ्यात मोठं अक्षर केलं की काही ॲपमध्ये ‘पुढे’चं बटण पडद्याखाली जातं आणि माणूस तिथेच अडकतो. बोटाने स्क्रीन सरकवून मागे जाण्याची पद्धत बंद करून खाली तीन बटणं आणा: सेटिंग्ज, सिस्टिम, जेश्चर्स, नेव्हिगेशन मोड. स्क्रीन बंद होण्याची वेळ तीस सेकंदांवरून दोन मिनिटं करा. पहिल्या पानावर आठच चिन्हं ठेवा, बाकी सगळी आत.

शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त चीड कशाची येते, तर बोटाची. वयाबरोबर त्वचा कोरडी पडते आणि कोरड्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. मग माणूस जोरात दाबतो, जोराने दाबताना बोट जास्त वेळ टेकलेलं राहतं आणि फोन समजतो की दाबून धरलंय. भलताच मेनू उघडतो, चिन्हं थरथरायला लागतात, नाहीतर फोटो निवडला जातो. उपाय दोन. ओल्या रुमालावर बोट टेकवून घ्यायचं, आणि ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘टच अँड होल्ड डिले’ हा ‘लाँग’ करायचा. सॅमसंगमध्ये तो ‘इंटरॅक्शन अँड डेक्स्टेरिटी’खाली सापडतो. तिथेच ‘इग्नोर रिपीटेड टचेस’ आहे, हात थरथरणाऱ्यांसाठी तो चालू करा. एवढं केलं की "माझ्याच्याने नाही होणार" म्हणणारे निम्मे लोक शांत होतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नव्हता, हे त्यांना स्पष्ट सांगा.

बोटांच्या सरावाला कॅल्क्युलेटर चांगला. दुधाचा महिन्याचा हिशेब करायला द्या, टेकवून लगेच उचलायची सवय लागते. सरकवायला ब्राइटनेसची पट्टी. चुकलं तरी काही बिघडत नाही अशा जागीच हा सराव व्हावा.

टायपिंगला फार वेळ घालवू नका. जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी जोडा आणि बोलून लिहायला शिकवा. इथे एक घोटाळा हमखास होतो. व्हॉट्सॲपमध्ये लिहायच्या चौकटीशेजारी गोल माइक असतो आणि कीबोर्डवर दुसरा, छोटा. गोल माइक आवाज पाठवतो, छोटा माइक अक्षरं लिहितो. छोटा माइक कीबोर्ड उघडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून आधी चौकटीत बोट टेकवायचं. वहीत दोन्ही माइकची चित्रं काढून घ्या.

वही हाच या वर्गाचा कणा आहे. छापील पानं वाटू नका, ती पिशवीतच राहतात. शिकणाऱ्याने आपल्या अक्षरात, आपल्या शब्दांत लिहावं. डाव्या पानावर ‘काय दिसतंय’, उजव्या पानावर ‘काय करायचं’. "हिरवा गोल दिसतो, वर ओढायचा" असं लिहिलं तरी चालेल, ते त्यांना वाचता आलं की झालं. एका कामाला एक पान. ॲप अपडेट होऊन बटणाची जागा बदलली, तर ती ओळ खोडून खाली नवी लिहायची. म्हणून ओळींमध्ये जागा सोडा.

पैशांची कामं पाचव्या-सहाव्या आठवड्याआधी नकोत. यूपीआय शिकवायचं तर मुख्य बचत खातं जोडू नका. दुसरं खातं असेल तर त्यात दोन-तीन हजार ठेवा आणि तेवढंच जोडा. नोंदणीच्या वेळी फोनमधून बँकेच्या पडताळणीसाठी एक एसएमएस जातो. सिमवर आउटगोइंगचा प्लॅन नसेल किंवा दोन सिमपैकी चुकीचं निवडलं, तर गाडी तिथेच थांबते आणि सगळे ॲपला दोष देतात. पिन ठरवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत लागते, नाहीतर आधारचा ओटीपी.

सरावाला दोन शिकणाऱ्यांना जोडीने बसवा आणि एकमेकांना एक रुपया पाठवू द्या. क्रम असा: कोड स्कॅन करायचा; वर आलेलं नाव मोठ्याने वाचायचं; रक्कम घालायची; रक्कम पुन्हा मोठ्याने वाचायची; मगच पिन. पिन घालताना मदतनीस तोंड फिरवतो, हेही क्रमातच आहे. आणि एक वाक्य प्रत्येकाच्या वहीत पहिल्या पानावर असावं: पिन मागितला म्हणजे पैसे जाणार, येणार नाहीत. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

खात्यातून रक्कम गेली आणि समोरच्याला मिळाली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा पाठवायची नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार माणसाला पाठवलेली अशी रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेली पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे असतात. भाजीवाल्यापाशी हे घडलं की ज्येष्ठ घाबरतात, म्हणून आधीच सांगून ठेवा.

नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी वेगळे दोन वर्ग घ्या. केंद्राच्या ऐंशी वर्षांवरील पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो, त्यांना आधी बोलवा. प्ले स्टोअरवरून दोन ॲप लागतात, ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेसआरडी’. दुसरं ॲप घेतल्यावर त्याचं चिन्ह दिसत नाही, ते मागे चालतं. लोक ते शोधत बसतात. आधी फोन चालवणाऱ्याची ओळख पटवायची आणि मग पेन्शनरची. चेहरा टिपताना उजेड समोरून हवा, मागे खिडकी नको, चष्मा काढलेला, आणि सांगितलं की पापण्या मिटून उघडायच्या. चेहरा जुळला म्हणजे काम झालं असं नाही. पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांकात एक आकडा चुकला किंवा पेन्शन देणारी संस्था यादीतून चुकीची निवडली, तर दाखला पुढे नाकारला जातो. पीपीओची मूळ प्रत किंवा बँकेचं पासबुक समोर ठेवूनच आकडे भरा. शेवटी येणारा प्रमाण आयडी वहीत उतरवा आणि काही दिवसांनी दाखला स्वीकारला का, ते पाहा. ईपीएसचा, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेचा, दाखला दिल्या तारखेपासून बारा महिने चालतो, त्यामुळे त्या पेन्शनरांना नोव्हेंबरचं बंधन नाही.

फसवणुकीवर भाषण देऊ नका, तालीम करा. एक मदतनीस बाहेर जाऊन शिकणाऱ्याला फोन लावतो: "तुमचं वीजबिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडू." दुसऱ्याला: "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉल चालू ठेवा, तुम्हाला डिजिटल अटक झालीय." कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी फोनवर पोलिसी आवाज आला की घसा कोरडा पडतो. म्हणून तोंडात बसलेलं वाक्य हवं: "घरी विचारून कळवतो." एवढं बोलून फोन ठेवायचा, उत्तराची वाट पाहायची नाही. प्रत्येकाकडून हे तीन-चारदा करून घ्या, मनात नाही, मोठ्याने. मास्तर, बँक मॅनेजर, निवृत्त फौजदार, कुणालाही सूट नाही. हुद्द्यावर राहिलेली माणसं समोरच्याशी वाद घालत बसतात आणि तेवढ्यात अडकतात.

लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं. ती पत्रिका नाही, ॲप आहे. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधून व्हॉट्सॲप आणि क्रोम दोन्हींची परवानगी बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये सहा आकडी टू-स्टेप पिन लावा आणि ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं, तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा. कुणी सांगितलं म्हणून * किंवा # असलेला क्रमांक डायल केला असेल, तर कॉल दुसरीकडे वळलेले असू शकतात. ##००२# डायल केलं की वळवणं रद्द होतं.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, मग मुलांना. हा क्रम लाजेपोटी उलटा होतो आणि त्यात मोलाचा वेळ जातो, कारण पैसे पुढच्या खात्यात अडवायचे तर पहिले काही तासच हातात असतात. फसलेल्या माणसाला वर्गात कुणी "एवढं कळलं नाही का?" म्हणणार नाही, याची जबाबदारी चालकांची. एकदा असं ऐकलं की पुढचा माणूस फसल्याचं लपवतो.

मदतनिसांसाठीही काही बंधनं लेखी ठेवा. कुणाचाही पिन, ओटीपी किंवा पासवर्ड मदतनिसाने पाहायचा नाही, लिहून तर मुळीच घ्यायचा नाही. बँकेचं काम घरी जाऊन एकट्याने करून द्यायचं नाही. शिकणाऱ्याने आग्रह केला तरी नाही.

बारा आठवड्यांनी नवी तुकडी घ्या, पण जुन्यांना सोडू नका. दर शनिवारी एक तास मोकळा ठेवा. त्यात शिकवणं नसतं. ज्याचं जे अडलं असेल ते वही उघडून त्याच पानावरून सोडवायचं. फोनची जागा भरल्याची तक्रार सगळ्यात जास्त येईल. व्हॉट्सॲपच्या ‘मॅनेज स्टोरेज’मधून सुप्रभातची चित्रं आणि व्हिडिओ पुसायचे, ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद करायचं. पुसण्याआधी नातवंडांचे फोटो वेगळे निवडून ठेवायला मात्र सांगा. मागच्या तुकडीतल्या ज्यांची वही नीट भरली आहे, त्यांनाच या तासाला मदतनीस करा. ते शेजारी बसून घाई न करता सांगतात, आणि अडलेली बाई किंवा बुवा त्यांना तोच प्रश्न चौथ्यांदा बिनधास्त विचारतात.