हायलक्स उचलली, टायर मोठे घातले, आता घासतंय? या चुका टाळा

पिकअप लिफ्ट करून (म्हणजे सस्पेन्शन उंच करून) मोठे टायर घातलेल्या माणसाचा पहिला फोन बहुधा त्याच रात्री येतो. दिवसभर फोटो आलेले असतात, गाडी देखणी दिसत असते. रात्री सोसायटीत रिव्हर्स घेताना स्टिअरिंग पूर्ण कापलं की मडगार्डमधून ‘खर्रर्र’ ऐकू येतं. मग प्रश्न ठरलेला: “अरे, दोन इंच लिफ्ट केलीय ना, मग घासतंय कसं?”

घासतंय, कारण लिफ्टने गाडी उंच होते, टायरला जागा होतेच असं नाही. गाडी उभी असताना टायर आणि मडगार्डच्या मध्ये मूठ आरामात जाते, तेवढ्यावर आपण फसतो. स्प्रिंगवर स्पेसर (जाडी वाढवणारी चकती) घातला किंवा लांब स्प्रिंग टाकली तरी बदलते ती उभ्या गाडीची उंची. बंप स्टॉप, म्हणजे चाकाला ठरावीक उंचीच्या वर जाऊ न देणारा रबरी ठोकळा, आपल्या जागीच असतो. खड्ड्यात चाक वर गेलं की पूर्वी जिथवर जायचं साधारण तिथवरच जातं, फक्त आता तिथे मोठा टायर येऊन धडकतो. शिवाय स्टिअरिंग कापताना टायरची कड पुढे बंपरकडे आणि मागे केबिनच्या माउंटकडे फिरते. ती जागा सस्पेन्शन लिफ्टने वाढत नाही. चासीवरून बॉडीच उचलली तर गोष्ट वेगळी, पण ते काम वेगळं आणि त्याची डोकेदुखीही वेगळी.

आकडा वाचताना होणारी चूक

टोयोटा हायलक्सचंच उदाहरण घेऊ. ही पिकअप २०२२ मध्ये भारतात आली. तिला व्हेरिअंटप्रमाणे २६५/६५ आर१७ किंवा २६५/६० आर१८ टायर येतात. २६५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के बाजूची भिंत, म्हणजे १७२ मिमी. वरची आणि खालची भिंत मिळून ३४४, त्यात १७ इंची रिमचे ४३२ मिळवा: ७७६ मिमी, साधारण साडेतीस इंच. आता १८ इंचवाल्याचं गणित करा, ७७५ येईल. रिम एक इंचाने मोठी, पण टायरची उंची जवळपास तीच. कंपनीने भिंत कमी करून हिशेब जुळवला आहे. ‘रिम मोठी म्हणजे टायर मोठा’ ही समजूत इथेच गळून पडायला हवी.

लिफ्टवाल्यांचा लाडका आकार आहे २८५/७० आर१७. तो भरतो ८३१ मिमी, म्हणजे ३२.७ इंच, बोलीभाषेत ‘तेहतीस’. मूळ टायरपेक्षा ५५ मिमी जास्त. त्यातला अर्धाच, म्हणजे २७ मिमी, ग्राउंड क्लिअरन्सला मिळतो. तेवढाच तो पुढे आणि तेवढाच मागेही वाढतो. त्यातला मागचा २७ मिमी केबिनच्या माउंटवर जाऊन बसतो. त्यापेक्षा २६५/७० आर१७ घेतला तर उंची ८०३ मिमी होते आणि प्रत्येक बाजूला वाढ फक्त १३ मिमी. मूळ रिमवर, दीड-दोन इंच लिफ्टसोबत, बहुतेकांना हाच टायर पुरतो असं माझं मत आहे. फोटोत तो तेवढा रुबाबदार दिसत नाही, हे मान्य.

ऑफसेट: सगळ्यात महागडी चूक

टायर न बदलताही फक्त रिम बदलून गाडी घासायला लावता येते. हायलक्सची मूळ रिम साडेसात इंच रुंद आणि अधिक ३० ऑफसेटची आहे, म्हणजे हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक नटांनी बसतं त्याला) टेकणारा तिचा भाग रिमच्या मध्यापासून ३० मिमी बाहेरच्या अंगाला आहे. दुकानात ‘बाहेर आलेली दिसते, मस्त’ म्हणून शून्य ऑफसेटची नऊ इंची रिम घेतलीत तर काय होईल? ऑफसेटमुळे चाक ३० मिमी बाहेर आलं आणि वाढलेल्या रुंदीचा अर्धा भाग म्हणजे आणखी १९ मिमी. बाहेरची कड एकूण ४९ मिमी बाहेर. आतल्या बाजूला मात्र ११ मिमी जागा मोकळी झाली, जिची बहुधा गरजच नव्हती.

हे ४९ मिमी सरळ बाहेर जाऊन थांबत नाहीत. स्टिअरिंग कापलं की टायरची कड आता मोठ्या वर्तुळात फिरते आणि पूर्वी जे लांब होतं त्याला लागते. व्हील बेअरिंगवर ताण वाढतो, एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, आणि पावसाळ्यात सगळा चिखल दारांवर. हब आणि रिमच्या मध्ये स्पेसर लावून चाक बाहेर काढणं हाही तोच प्रकार, फक्त मध्ये आणखी एक जोड वाढतो. लिफ्टनंतर वरचा कंट्रोल आर्म (चाकाला चासीशी जोडणारा सस्पेन्शनचा दांडा) किंवा शॉकअपचा भाग टायरच्या आतल्या भिंतीला लागत असेल, तरच ऑफसेट कमी करावा. तोही मोजून, १०-१५ मिमी.

‘सहा नट बसले’ म्हणजे रिम बसली असं नाही

हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या दोन पिकअप, दोघींना सहा नट आणि पीसीडी (नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिमी. म्हणून एकीची रिम दुसरीला लावायचा मोह होतो. पण मधलं भोक वेगळं आहे: टोयोटाचं १०६.१ मिमी, इसुझूचं सुमारे १००. इसुझूची रिम टोयोटाच्या हबवर चढणारच नाही. उलट केलं तर चढते, पण हबभोवती सैल राहते आणि तिला मध्यात धरून ठेवायचं काम एकट्या नटांवर येतं. मग ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, माणूस तीनदा बॅलन्सिंग करून येतो आणि दोष टायरला देतो. योग्य मापाची हब रिंग (हब आणि रिमच्या भोकातली फट भरणारी कडी) लावली की हा त्रास संपतो.

नटांचंही तसंच. टोयोटाच्या मूळ अलॉयला सपाट वॉशरचे नट येतात. बाजारातल्या बऱ्याच रिमना निमुळत्या बुडाचे लागतात. सपाट नट निमुळत्या खड्ड्यात आवळला तर तो घट्ट वाटतो, पण टेकलेला असतो कडेवरच, आणि चालता चालता सैल होतो. रिम घेताना नट तिच्यासोबतच मागा.

आवाज कधी येतो, त्यावरून दोष शोधा

घासण्याच्या आवाजावर सरळ कटर चालवू नका. आधी टायरच्या खांद्यावर खडू फासा, पूर्ण स्टिअरिंग कापून हळू पुढे-मागे करा आणि खडू कुठे लागला ते बघा. सपाट जागी, स्टिअरिंग कापल्यावरच घासत असेल तर दोष टायरचा व्यास आणि ऑफसेट यांचा आहे. आणखी लिफ्ट केल्याने तो जाणार नाही. प्लॅस्टिकचा लायनर थोडा मागे बांधून घ्या. चांगला अलाइनमेंटवाला कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) वाढवताना चाक काही मिमी पुढे सरकवू शकतो, तेवढ्यानेही कधी कधी काम भागतं. सरळ जाताना फक्त खड्ड्यात, आणि तेही मागे माल असताना घासत असेल तर मागच्या सस्पेन्शनचे पाटे (लीफ स्प्रिंग) दबून बसलेत का ते बघा.

स्टिअरिंग वळवल्यावर आपोआप परत येत नाही, महामार्गावर गाडी तरंगल्यासारखी वाटते? इथे टायरकडे बघू नका. पुढचं सस्पेन्शन उचललं की कॅस्टर कमी होतो. लिफ्टनंतर अलाइनमेंट न करता नवे टायर पळवले, तर काही हजार किलोमीटरमध्ये त्यांची एक कड झिजून जाते.

टायर विकत घेण्याआधी ओळखीच्या कुणाचं तरी एक चाक मागून आणा. ते पुढे लावा, तेच चाक उंचवट्यावर चढवा म्हणजे सस्पेन्शन दाबलं जाईल, आणि दोन्हीकडे पूर्ण कापून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

वजन, हवा आणि मीटर

जाड भिंतीचा एलटी (लाइट ट्रक) टायर मूळ टायरपेक्षा चाकामागे सात-आठ किलो सहज जड असतो. ब्रेक, शॉकअप आणि घाटात वेग पकडणं, सगळ्यांवर ते जाणवतं. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळपेक्षा कमी घेऊ नका: ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, १२१ म्हणजे १४५०. एलटी टायर तेवढंच वजन पेलायला जास्त हवा मागतो, म्हणून दारावरच्या स्टिकरचा आकडा त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. उलट मागे माल नसताना खूप हवा भरली तर टायर फक्त मध्ये टेकतो. इथेही खडू कामाला येतो: टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्यावर आडवी रेघ मारा, थोडं सरळ चालवा, रेघ फक्त मधूनच पुसली तर हवा जास्त आहे.

२८५/७० घातल्यावर मीटर १०० दाखवतं तेव्हा गाडी १०७ ने चाललेली असते. किलोमीटरही कमी नोंदले जातात, त्यामुळे ‘मायलेज पडलं’ या तक्रारीतला थोडा भाग निव्वळ हिशेबाचा असतो.

वीस इंची रिमबद्दल फार बोलत नाही. २६५/५० आर२० ची भिंत १३२ मिमी, मूळच्या १७२ समोर. पावसाळ्यात कोकणातला एखादा उखडलेला रस्ता बघा आणि ठरवा.

कायद्याचं: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांमुळे निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल अडचणीत आणू शकतात. विम्याचा दावा करताना हे पहिल्यांदा कळणं वाईट. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिअंटला दिलेला आकार त्यातल्या त्यात निर्धोक.

आणि स्टेपनी. हायलक्सची स्टेपनी मागे खाली टांगलेली असते. मोठा टायर तिथे बसतो का ते चार टायर घेण्याआधीच बघा, कारण जुनी छोटी स्टेपनी लावून फोर बाय फोर चालवलं तर पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि मार बसतो ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला. पाचवा टायर घ्यायचाच आहे. तो बसत नसेल तर आकार खाली आणा. नवी रिम लावल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर थांबून टॉर्क रेंचने सगळे नट पुन्हा आवळा, स्टेपनी कधी लावली तर तिचेही.