करवंटीपासून सक्रिय कार्बन कसा तयार करावा

सक्रिय कार्बन म्हणजे रंग, वास धरून ठेवणारा सच्छिद्र कार्बन. करवंटी जाळून कोळसा केला की तो झाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण खरं काम करतात ती आतली छिद्रं. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये छिद्रांच्या भिंतींचं क्षेत्रफळ सुमारे १,००० चौरस मीटर भरतं. साध्या कोळशात छिद्रं कमी, आणि त्यातलीही बरीच डांबराने बुजलेली.

ती उघडण्यासाठी कोळशावर ८०० ते १,००० अंश सेल्सिअसला वाफ सोडतात. छोट्या प्रयोगशाळेत मात्र मी फॉस्फोरिक आम्लाची पद्धत निवडेन, कारण तिला ५०० अंश पुरतात. तिच्यात आधी कोळसा करायचा नसतो. आम्ल कच्च्या मालालाच लावायचं.

करवंटी घासून, धुऊन, वाळवून एक-दोन मिलिमीटरचा चुरा करा. शेंगांची टरफलं किंवा फळांच्या कोयीही चालतात. भाताचा तूस सुरुवातीला टाळा. त्यात सिलिका भरपूर असल्याने राख फार उरते.

१०० ग्रॅम चुऱ्यासाठी ८२ ग्रॅम पाणी घ्या आणि त्यात ८५ टक्क्यांचं ११८ ग्रॅम आम्ल हळूहळू ओता. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. चुरा रात्रभर भिजवून ११० अंशांवर सुकवा.

मग झाकणाच्या चिनीमातीच्या मुशीत भरून मफल भट्टीत (प्रयोगशाळेतली बंद, तापमान ठरवता येणारी भट्टी) सावकाश ५०० अंशांपर्यंत न्या आणि तासभर तिथेच ठेवा. आम्ल करवंटीच्या तंतूंमधले बंध तोडतं आणि स्वतः मधे बसून राहतं, त्यामुळे चुरा फारसा आकसत नाही. वायू बाहेर खेचणारी सोय नसेल तर हा प्रयोग करूच नका: कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उघडू नका, गरम कार्बन हवा लागताच पेटतो.

यापुढचं धुणं कंटाळवाणं आहे, पण माल बिघडतो तो बहुधा इथेच. छिद्रांत अडकलेलं आम्ल निघालं तरच जागा मोकळी होते. गरम ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हापुन्हा धुवा, निथळलेल्या पाण्याचा सामू (pH) ६ ते ७ येईपर्यंत. मग ११० अंशांवर वाळवून हवाबंद बरणीत ठेवा.

पारख सोपी आहे. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचं फिकट द्रावण दोन बाटल्यांत सारखं घ्या. एकीत तुमचा कार्बन आणि दुसरीत तितकाच साधा कोळसा, दोन्ही सारखे बारीक करून, टाका. तासभर हलवून गाळा. तुमच्या बाटलीचा निळा रंग स्पष्टपणे जास्त उतरायला हवा. तयार कार्बनमध्ये राखाडी भुकटी (म्हणजे राख) दिसली तर झाकणातून हवा शिरली असं समजा.

हा कार्बन रंग, वास आणि क्लोरीन धरतो; विरघळलेले क्षार काढत नाही, जंतू मारत नाही. असा घडवलेला कार्बन पिण्याच्या पाण्यासाठी किंवा औषध म्हणून वापरू नका.