पोटाचा व्यायाम आणि कमरेत उसण: सकाळच्या बॅचमधल्या या चुका टाळा

साडेपाचला उठायचं, चूळ भरायची, गाडीला किक मारायची आणि सहाच्या ठोक्याला हॉलवर हजर व्हायचं. सोलापुरातल्या विजापूर रोडच्या आमच्या बॅचमधले निम्मे लोक असेच येतात. कुणाकडे मॅट असते, कुणाकडे घडी घातलेली चादर. स्पीकर लागला की शंभर सिट-अप्स, दोन मिनिटं प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ धरून ठेवणं), मग लेग रेज, असा कार्यक्रम असायचा. ‘असायचा’ म्हणतोय, कारण मागच्या वर्षी तीन महिन्यांत चौघांच्या कमरेत उसण भरली, आणि त्यातला एक मी होतो. शिकवणारा.

एका हातात माईक होता. पाठीवर झोपून दोन्ही पाय खाली आणत, मान वळवून मागच्या रांगेवर ओरडत होतो. बासष्टाव्या काउंटला कमरेत कुणीतरी स्क्रू पिळावा तसं झालं. कुशीवर वळलो आणि गाणं संपेपर्यंत उठता आलं नाही. गंमत म्हणजे बॅच मोजतच राहिली. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर...

नंतर उरलेल्या तिघांशी बोललो. तिघांनाही आठ-दहा काउंट आधीच कळलं होतं की कमर चिमटतेय. थांबलं मात्र कुणीच नाही. एक अक्का म्हणाल्या, “थांबले असते तर मागच्या बायका हसल्या असत्या की, सर.” एकट्याने घरी व्यायाम करणारा माणूस दुखलं की थांबतो. बॅचमध्ये काउंट सगळ्यांचा एक आणि कमर ज्याची त्याची, तिथंच घोटाळा होतो. खालच्या चुका बहुतेक त्यातूनच आल्यात.

अंथरुणातून थेट वाकणं

मणक्यांमधल्या गाद्या रात्रभर झोपेत पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक टक्क्याने जास्त भरते. साडेपाच फुटी माणूस उठल्याउठल्या दीड-एक सेंटिमीटर उंच असतो म्हणा ना. उभं राहून, चालून हे जादा पाणी हळूहळू निघतं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या-एक तासातच निघून जातं. त्याआधी वाकलं की फुगलेल्या गादीवर आणि तिच्या मागच्या अस्थिबंधांवर एरवीपेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. कंबरदुखी मुरलेल्या लोकांना उठल्यानंतरचे पहिले काही तास वाकणं टाळायला लावलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं, असं १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं.

आता आमचं वेळापत्रक बघा. साडेपाचला उठणं, सहाला पायाचे अंगठे धरणं, सव्वासहाला सिट-अप्स. उन्हाळ्यात तर आणखी वाईट. मे महिन्यात सोलापुरात आठलाच चटका बसायला लागतो, म्हणून बॅच अर्धा तास अलीकडे सरकते. म्हणजे गादी अजूनच फुगलेली.

उपाय फुकटचा आहे. पोटाचा व्यायाम तासाच्या शेवटी घ्या. सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं चालणं, जागेवर पावलं, खांदे फिरवणं, उभ्यानेच. आमच्यातले काही जण आता आधी कंबर तलावावर चालून मग हॉलवर येतात. पाटीवर धर्मवीर संभाजी तलाव असलं तरी गावाच्या तोंडी कंबर तलावच आहे, आणि या कामाला नाव फारच शोभतं.

पाय धरून सिट-अप्स

जोडीदाराने पावलं दाबून धरायची आणि आपण उठायचं, हे शाळेच्या पीटीपासून चालत आलंय. पाय अडकवले की पोटापेक्षा मांडीच्या सांध्याचे स्नायू जास्त काम करतात. त्यातला मुख्य स्नायू, सोअस, कमरेच्या मणक्यांनाच चिकटलेला असतो आणि मांडीच्या हाडापर्यंत जातो. तो आवळला की मणके एकमेकांवर दाबले जातात. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात पाठीच्या कण्याचा अभ्यास केलेले माजी प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या मोजणीनुसार एका सिट-अपमध्ये कमरेवर सुमारे ३३०० न्यूटन दाब येतो, म्हणजे साडेतीनशे किलोच्या जवळपास. कामगारांच्या वजन उचलण्यासाठी अमेरिकेत सावधगिरीची जी मर्यादा धरतात ती ३४०० न्यूटन आहे. एकदा-दोनदा काही होत नाही. पण रोज शंभर? अमेरिकन नौदलाने २०२१ मध्ये आपल्या चाचणीतून हा प्रकार काढून प्लँक आणला, आणि तिथल्या मरीन कोर या सैन्यदलानेही २०२३ पासून क्रंचेस, म्हणजे अर्धवट उठण्याच्या सिट-अप्स, बंद करून प्लँकच ठेवला. सैन्याला जे परवडलं नाही ते आपण हौसेने करतोय.

आपल्या गावात यात आणखी एक भर पडते. संध्याकाळच्या बॅचला येणाऱ्या दोघी विड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन दिवसभर पुढं वाकून बसणं, मग स्वयंपाक, मग आमच्याकडे येऊन पुन्हा पुढं वाकण्याचेच शंभर रेप्स. शिलाई मशीनवर बसणारे, दुकानाच्या गल्ल्यावर बसणारे, लॅपटॉपवाले, सगळ्यांची तीच गत. दिवसभर ज्या दिशेला कमर ताणली त्याच दिशेला तिला आणखी ताणायचं आणि त्याला व्यायाम म्हणायचं, हे मला आता पटत नाही.

याऐवजी मॅकगिल यांचाच कर्ल-अप करून बघा. पाठीवर झोपा, एक गुडघा दुमडा, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कमरेखालच्या पोकळीत ठेवा, म्हणजे कमर जमिनीला चिकटणार नाही. आता डोकं आणि खांदे फक्त एवढेच उचला, की डोक्याखाली वजनकाटा असता तर तो शून्यावर आला असता. दहा सेकंद थांबा, खाली या. पहिल्यांदा लोक म्हणतात, “एवढंच?” सहाव्या वेळी पोट थरथरायला लागलं की कुणी काही बोलत नाही.

मानेमागे बोटं गुंफून डोकं ओढणं हा याच कुटुंबातला चुलत प्रकार. मान दुखते, पोटाला काही मिळत नाही. सोडून द्या.

पाळी गेलेल्या बायकांबद्दल मात्र गंमत नाही. हाडं ठिसूळ झाली असतील तर पुढं वाकण्याचे व्यायाम मणक्याला चिरडू शकतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली अशा ५९ स्त्रियांचा अभ्यास झाला होता. पुढं वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांत पुढच्या काळात नवे बिघाड दिसले. पाठ ताठ करण्याचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये तेच प्रमाण १६ टक्के होतं. गट लहान होते हे खरं, पण फरक एवढा मोठा आहे की मी साठीच्या काकूंना क्रंचेस देणं बंदच केलं. बाळंतपणानंतर पोटाच्या मधोमध उभी फट राहिलेल्या बायकांनाही. उठताना पोटावर मधोमध उंचवटा आला तर ती खूण आहे. त्यांनी आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

लेग रेज, आणि टॉवेलची चाचणी

माझी कमर जिथं गेली तो हा प्रकार. दोन्ही पाय सरळ ठेवून खाली आणताना पायांचं वजन पेलायला तोच सोअस मणक्यांना पुढं ओढतो. पोटाचे स्नायू ती ओढ थोपवतात, पण ते थकले की कमरेची कमान होते आणि सगळा भार मागच्या छोट्या सांध्यांवर जातो. बाहेरून बघणाऱ्याला पाय छान खाली-वर होताना दिसतात. कमान दिसत नाही, विशेषतः ढगळ टी-शर्टात.

ती पकडायला आपल्या गावचीच वस्तू कामाला येते. सोलापुरी टॉवेलची पट्टी करून कमरेखाली आडवी घाला, एक टोक बाजूला उभ्या माणसाच्या हातात द्या. पाठीवर झोपून गुडघे छातीवर घ्या, कमर टॉवेलवर हलकेच दाबा आणि एकच टाच सावकाश जमिनीकडे न्या. बाजूच्याने टॉवेल हळू ओढत राहायचं. जागचा हलला नाही तर कमर जागेवर आहे. सर्रकन निघाला की तुमची हद्द तिथंच संपली. मग पाय किती खाली जातो याला काही अर्थ नाही. पहिल्या दिवशी सतरा जणांत फक्त तिघांचा टॉवेल टिकला. माझा चौथ्या वेळेला निसटला. ओढणाऱ्या मावशी म्हणाल्या, “सर, तुम्हीपण?”

टॉवेल टिकेपर्यंत दोन्ही पाय एकदम खाली नेऊ नका. एक पाय, तोही गुडघ्यात दुमडून. पुढं जमलं की एक हात डोक्यामागे आणि विरुद्ध पाय खाली, दोन्ही एकदम न्यायचे, म्हणजेच डेड बग. बुडाखाली हात घालून लेग रेज करायचा सल्ला बरेच जण देतात. त्याने थोडं सोपं होतं, पण कमान झाकली जाते, म्हणून मला तो आवडत नाही.

रशियन ट्विस्ट

बसून, पाय हवेत, पाठ गोल, हातात पाच किलोची प्लेट आणि गाण्याच्या तालावर डावी-उजवी. कमरेचे पाचही मणके मिळून एका बाजूला जेमतेम दहा-बारा अंश वळतात. उरलेलं वळण छातीच्या भागातून आणि खुब्यातून यायला हवं. बसल्यावर खुबे अडकतात आणि वाकलेल्या कमरेला पिळ पडतो. वाकणं अधिक पिळणं, गादी फाटायला याहून सोयीचं काही नाही. आम्ही हा व्यायाम काढूनच टाकला. त्या जागी साइड प्लँक, म्हणजे कुशीवर वळून एका कोपरावर अंग सरळ धरणं, सुरुवातीला गुडघ्यावर.

दोन मिनिटांचा प्लँक

प्लँक चांगला, दोन मिनिटं वाईट. चाळिसाव्या सेकंदाला कंबर झोळीसारखी लोंबायला लागते आणि उरलेली ऐंशी सेकंदं माणूस पोटावर नव्हे तर सांध्यांवर लटकलेला असतो. शेजारी अजून टिकलाय म्हणून तोही टिकतो. दहा सेकंद धरा, गुडघे टेका, तीन श्वास घ्या, पुन्हा धरा. असे सहा-आठ वेळा. धरण्याचा वेळ मिनिट-सव्वा मिनिटच भरतो, पण कंबर लोंबत नाही.

आणि चादर. शहाबादी फरशीवर घडी घातलेली चादर कोपराखालून सुळकन सरकते. सावरायला जो झटका बसतो तोच पुष्कळदा उसण भरवतो. पांघरायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही, पण प्लँकला रबरी मॅट घ्या.

‘पोट आत ओढा’

ही सूचना मी स्वतः कित्येक वर्षं माईकवरून दिली. पोट आत खपाटीला नेलं की कण्याभोवतीचा आधार उलट कमी होतो. हवं असतं ते चहूबाजूंनी घट्ट करणं. खोकताना पोट आणि कुशी कशा एकदम कडक होतात, तसं. पण श्वास चालू ठेवून.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस जवळून बघितलाय का? एवढा उंच काठीचा डोलारा, पण कमरेतून तो वाकत नाही. कडेला झुकायचं झालं तरी पावलं हलतात, धड एकसंध राहतं. यात्रेआधी सराव चालतो तेव्हा मी बॅचमधल्या दोघांना मुद्दाम दाखवायला नेलं होतं. माझ्या दहा सूचनांपेक्षा ते जास्त कळलं त्यांना.

श्वास कोंडून मात्र करू नका. बीपीची गोळी चालू असलेल्यांनी तर नाहीच. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप सुटतो, काउंटचा एवढा एक उपयोग मान्य.

रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कारांची हौस असते, त्याबद्दल एकच सांगतो. साठ-सत्तर नमस्कारांनंतर भुजंगासन छातीतून न होता कमरेतून मोडायला लागतं. तिथं बाजूला होऊन पाणी प्यावं.

तरीही उसण भरली तर

आमच्याकडे पहिला सल्ला ठरलेला: पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधा आणि कमरेवर लाथ मारून घ्या. मलाही दोन पायाळू सुचवले गेले. एक तर स्वतःहून घरी येतो म्हणाले. नको म्हटलं. आधीच आवळलेल्या कमरेला बाहेरून झटका देणं, मग ती लाथ असो की कडाकड मोडणारं मालिश, टाळलेलंच बरं.

पोटात होणारी जळजळ आणि कमरेतला चिमटा यांची गल्लत करू नका. जळजळ व्यायाम थांबला की मिनिटाभरात जाते. चिमटा राहिला, किंवा दुसऱ्या दिवशी चूळ भरायला बेसिनवर वाकताना जाणवला, तर तो व्यायाम बंद. मात्र आठवडाभर अंथरूण धरू नका. साधी उसण असेल तर हळूहळू चालत राहिल्याने लवकर सुटते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत सुटतेच.

कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरत असेल, शिंकताना पायात वीज गेल्यासारखं होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पाऊल उचलताना लुळं पडत असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल तर मग सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

परत बॅचला कधी यायचं, याला मी तारीख देत नाही. शिंक बिनधास्त येते का आणि चपलेचा बंद वाकून लावता येतो का, हे विचारतो. मी स्वतः पाचव्या आठवड्यात बर्ड डॉगपासून सुरुवात केली. हातापायावर ओणवं, एक हात पुढं, विरुद्ध पाय मागं, दहा सेकंद. हॉलवर आरसा नाही, म्हणून कमरेवर पाण्याची बाटली आडवी ठेवायचो. ती पडली की सेट संपला, मग काउंट तीन असो की आठ.