मानसशास्त्र घ्यायचंय? फॉर्म भरण्याआधी या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात. "ताई, पोरगी सायकॉलॉजी घेतो म्हन्ते. पुढं काय होईन तिचं?" मी उलट विचारते, तिला काम कोणतं करायचंय? पलीकडे बराच वेळ कोणी बोलत नाही. सगळ्या चुकांचं मूळ इथंच आहे: विषय आधी ठरतो आणि कामाचा विचार पदवी हातात आल्यावर होतो.

या क्षेत्रात प्रत्येक कामाची वाट वेगळी आहे. औषध लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. त्यासाठी नीट, एमबीबीएस आणि मग एमडी, म्हणजे अकरावीलाच सायन्स हवं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, चाचण्या आणि थेरपी करतो. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. विशेष मुलांच्या शिक्षकालाही तीच नोंदणी लागते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून मानसिक आरोग्यात उतरणाऱ्यांची वाट आणखी निराळी. कला शाखेत बीए करून "मी डॉक्टर होईन" म्हणणारी मुलं मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांना खरं सांगताना फार जड जातं.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे. एमए झाल्यावर मी एका खाजगी संस्थेत एक वर्षाचा काउन्सेलिंग डिप्लोमा केला. फी भरायला बाबांनी भाव चढायची वाट न पाहता कापूस विकला. सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र घेऊन मुलाखतीला गेले, तर टेबलापलीकडच्या बाईंनी ते उलटून पाहिलं आणि विचारलं, "आरसीआय नंबर?" तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. क्लिनिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी मग शून्यापासून केली. म्हणून सांगते, रुग्णांसोबत काम करायचं असेल तर पैसे भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर तो अभ्यासक्रम आणि ती संस्था, दोन्हींची मान्यता तपासा. संस्थेच्या माहितीपत्रकावर भागवू नका.

सीनियरनं सांगितलेली वाटही एकदा पडताळून घ्या, कारण नियम झपाट्यानं बदललेत. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एमफिलला, म्हणजे एमएनंतरच्या पदवीला, यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2025-26 पर्यंतच मुदत दिली होती. 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशही यूजीसीनं थांबवले. "घरी राहून, वावर सांभाळून एमए करू" हा बेत आता जमत नाही.

कॉलेज निवडताना तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. प्रॅक्टिकल खरंच होतात का, की जर्नल एकमेकांचं पाहून उतरवतात? संख्याशास्त्र कोण शिकवतं? हा पेपर पोरं पास होण्यापुरता करतात आणि पुढं संशोधनात तिथंच अडतात. इंग्रजी संज्ञाही पहिल्या वर्षापासून वहीत लिहा. सीयूईटी-पीजी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांतल्या एमएची प्रवेश परीक्षा, मराठीत नसते.

आणि एका चुकीबद्दल मला कळकळीनं बोलायचंय. शिकून आलं की मुलं वऱ्हाडी बोलायला लाजतात. ओपीडीत एकदा साठीतले एक काका आले. "जीव घाबरा होते, रातभर झोप नाई लागत." सोबतच्या शिकाऊ मुलीनं पुस्तकातला प्रश्न विचारला, उदास वाटतं का? ते म्हणाले, नाही. मी विचारलं, "काका, वावरात जावंसं वाटते का?" ते कितीतरी वेळ चपलेच्या पट्ट्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दोन महिने झाले, धुऱ्यावर पाय नाई ठेवला." आजार त्या धुऱ्यात, म्हणजे शेताच्या बांधात, सापडला. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाच्या उपक्रमानं गावातल्याच कार्यकर्त्यांकरवी काम केलं, तेव्हा नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. आपली बोली इथं कामाचं हत्यार आहे. ती पुण्या-मुंबईत विसरून येऊ नका.

आधीच चुकलं असेल तर? बीएला मानसशास्त्र नव्हतं, तरी काही विद्यापीठं एमएला प्रवेश देतात, काही देत नाहीत. पात्रतेची ओळ स्वतः वाचा. मान्यता नसलेल्या डिप्लोमाचा पहिला हप्ता गेला असेल, तर "आता पैसे गेलेच आहेत" म्हणून दुसरा भरू नका. क्लिनिकलच्या जागा थोड्या असतात. पहिल्या प्रयत्नात नाही मिळाली, तर एमएसडब्ल्यू किंवा विशेष शिक्षणातलं बीएड हा कमी दर्जाचा रस्ता समजू नका. आपल्या तालुक्यांत त्या माणसांचीही तितकीच गरज आहे.

फॉर्म भरण्याआधी एक दिवस काढा. एसटीनं जिल्हा रुग्णालयात जा, मानसिक आरोग्य विभाग कुठं आहे ते विचारा आणि तिथल्या सायकॉलॉजिस्टला ओपीडी संपेपर्यंत थांबून भेटा. त्यांनी कोणत्या वर्षी काय केलं, ते तारखांसकट वहीत लिहून घ्या. बाबांनाही सोबत न्या.