फ्लॉपी आधी उजेडात धरा, मग ड्राइव्हमध्ये घाला

माळ्यावर जुन्या फ्लॉप्या सापडल्या की लगेच ड्राइव्हमध्ये सरकवाव्याशा वाटतात. थांबा. मुंबईचे तीस पावसाळे खाल्लेल्या चकतीवर बुरशी असतेच असते म्हणा ना! साडेतीन इंचीचं झाकण बोटाने सरकवून, मधला धातूचा चक्का फिरवत चकती उजेडात तिरकी धरा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बाजूला ठेवा. बुरशी ड्राइव्हमधल्या चकती वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉप्या खरवडतं. माझ्या चार अशाच गेल्या.

मग कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. सव्वापाच इंचीत उलटं: कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची. यूएसबीने जोडायच्या फ्लॉपी ड्राइव्हसाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मारा, पण त्यात साडेतीन इंचीच चालते. सव्वापाचसाठी जुना ड्राइव्ह आणि तो कॉम्प्युटरला जोडणारा ‘ग्रीझवीझल’ नावाचा छोटा बोर्ड लागतो.

फाइली एकेक कॉपी करू नका, ‘डीडीरेस्क्यू’ या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलीत हुबेहूब नक्कल, घ्या. १.४४ एमबी डिस्कची पूर्ण इमेज बरोबर १४,७४,५६० बाइट्सची भरते. लेबलचा फोटोही सोबत ठेवा.

मराठी मजकूर असेल तर त्या वेळचा फॉन्ट जपा, नाहीतर उघडल्यावर नुसती खिचडी दिसेल. स्वतः लिहिलेला प्रोग्राम खुशाल वाटा. विकत घेतलेल्याचा कॉपीराइट मात्र बहुधा अजून जिवंत असतो.