जॅकेट शोभलं पण बसलं नाही: जर्मनमधले कपडे शिकताना

नर्सिंगच्या आऊसबिल्डुंगसाठी (म्हणजे कामासोबतचं प्रशिक्षण) जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आले त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने या राज्याशी मनुष्यबळाचा करार केला आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतलं कुणी ना कुणी जर्मन शिकतंयच. मेसेज ठरलेला, "ताई ए१ (जर्मनची पहिली पातळी) झालं, आता कपड्यांचे वगैरे शब्द कसे पाठ करू?" अरे शब्द पाठ होतात, त्यात काही नाही. हेम्ट म्हणजे शर्ट, होझे म्हणजे पँट, रॉक म्हणजे स्कर्ट, हांटशू म्हणजे हातमोजे (शब्दशः हाताचे बूट, एकदा ऐकला की विसरत नाही). मीही चित्रं बघून पाठ केले, टेस्टला पैकीच्या पैकी मिळवले, आणि इथल्या पहिल्याच हिवाळ्यात ८९ युरो घालवले.

झालं असं की सेल लागला होता, एक विंटरयाके (हिवाळ्याचं जॅकेट) आवडलं, ३६ नंबर, मी टीशर्टवरच घालून बघितलं आणि दुकानातल्या बाईंना आत्मविश्वासाने विचारलं, "श्टेट मिअर दी याके?" माझ्या मनात होतं, मला नीट होतंय का. त्या म्हणाल्या, "या, श्टेट ईनन झूपर!" घेतलं. डिसेंबरमध्ये आत जाड स्वेटर घातला तर चेन छातीपाशी अडकली, वर जाईना की खाली येईना. पावती घेऊन परत गेले तर काउंटरवर पाटी, सवलतीच्या मालाचा उमटाउश (बदलून देणं) नाही. तेव्हा कळलं की ऑनलाइन घेतलं तर १४ दिवसांत परत करता येतं, पण दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूत काही दोष नसेल तर बदलून देणं ही दुकानाची मर्जी, आपला हक्क नाही. आणि बाई खोटं बोलल्याच नव्हत्या हो. मी विचारलं शोभतंय का, त्यांनी सांगितलं शोभतंय.

तर हे नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पासन म्हणजे मापाला बसणं. श्टेएन म्हणजे शोभणं, खुलून दिसणं (याच क्रियापदाचा अर्थ उभं राहणं पण आहे, म्हणून गोंधळ होतो). गेफालन म्हणजे आवडणं. आता मराठीत बोलून बघा: जॅकेट मला बसतं, जॅकेट मला शोभतं, जॅकेट मला आवडतं. जर्मनमध्ये दी याके पास्ट मिअर, दी याके श्टेट मिअर, दी याके गेफेल्ट मिअर. सेम टू सेम! कर्ता जॅकेट आणि आपण 'मला'. आपल्या आजीला हे व्याकरण फुकटात येतं आणि आपण ते इंग्रजीतून शिकायला जातो, तिथे 'आय लाइक' असतं म्हणून क्लासमधली निम्मी मुलं "इश् गेफाले" करून वाक्य सुरू करतात, म्हणजे जॅकेटलाच आपण आवडायला लागतो. चौथं एक आहे, पास्ट त्सू, या कुर्त्यावर ही ओढणी जाते त्यातलं 'जाते'. दी याके पास्ट त्सुअर होझे, जॅकेट पँटवर जातं. मापाशी त्याचा काही संबंध नाही.

एक सावधगिरी मात्र. मराठीत 'मला' एकच, जर्मनमध्ये मिश् आणि मिअर दोन. तो मला बघतो यात मिश् येतो. कपड्यांच्या या क्रियापदांपुढे डोळे मिटून मिअर, दिअर, आणि अहो-जाहो करायचं असेल तर ईनन. माझ्या सरांनी सांगितलं होतं की डाटिफचं (हे मिअर-दिअरवालं रूप) एवढं टेन्शन घेऊ नका, ए१ला त्यावाचून पास होता येतं. पास झालेच मी. त्याचे ८९ युरो कोण देणार? जो मास्तर फक्त परीक्षेपुरतं शिकवतो त्याच्याकडून परीक्षेपुरतंच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

थंडीचंही तसंच. मला थंडी वाजतेय, मिअर इस्ट काल्ट. "इश् बिन काल्ट" म्हणालात तर आपण निष्ठुर आहोत असं सांगितल्यासारखं होतं, आणि उकडतंय म्हणून "इश् बिन हाइस" तर चुकूनही म्हणू नका, वॉर्डात तर नाहीच, का ते स्वतः शोधा.

घाबरू नका पण. पँट, जीन्स, चष्मा मराठीत एकवचनी, जर्मनमध्येही एकवचनी, दी होझे इस्ट, दी ब्रिले इस्ट. पुन्हा इंग्रजीवाल्यांनाच त्रास. फक्त लिंगाच्या बाबतीत (देर पुल्लिंगी, दी स्त्रीलिंगी, दास नपुंसकलिंगी) मराठीवर विसंबू नका. ती टोपी दी म्युत्से, तो पट्टा देर ग्युर्टेल, तो स्कर्ट देर रॉक असं तीन-चार वेळा जुळतं आणि आपण हुरळून जातो, मग ते जॅकेट निघतं दी, तो शर्ट निघतो दास आणि तो टाय निघतो दी क्राव्हाटे. जुळतंय म्हणून सोडून देऊ नका, आर्टिकलसकटच पाठ करा.

पुस्तकात फॅशन शो असतो, कामावर वेगळंच. मी वृद्धाश्रमात प्रॅक्टिकलला होते, सकाळी सहाला एकेका आजी-आजोबांना कपडे घालायला मदत. तिथे लागले ते शब्द उंटरहेम्ट (बनियन), श्ट्रिकयाके (बटणांचं स्वेटर), कॉम्प्रेसिओन्स-श्ट्रुम्फे (पायांना घट्ट बसणारे मोजे, पेशंट उठायच्या आधीच चढवायचे) आणि आपला युनिफॉर्मचा सदरा तो कासाक. एकही धड्यात नव्हता. पहिल्या दिवशी सिनियरने विचारलं, "हास्ट दू दिश् शोन उमगेत्सोगन?" म्हणजे कपडे बदललेस का, आणि मी तिला माझ्या नव्या खोलीचा पत्ता सांगत बसले. दिश् असेल तर कपडे बदलणं, नसेल तर घर बदलणं. एवढ्याशा शब्दाने घर इकडचं तिकडे!

ॲपबद्दल विचारूच नका. शंभर दिवसांची स्ट्रीक होती माझी. ॲप इंग्रजीतून शिकवत होतं, मी इंग्रजीतून विचार करत होते, आणि दुकानात बाईंसमोर कुणी चार पर्याय देत नाही. त्यापेक्षा कपाट उघडा, एकेक कपडा हातात घ्या आणि मोठ्याने बोला, बसतो का, शोभतो का, आवडतो का, कशावर जातो. घरचे हसतील, हसू दे. मी हे इथे येऊन केलं, तुम्ही साताऱ्यातच करून या.

दुकानात जाताना दोन वाक्यं खिशात ठेवा. "कान इश् दास आनप्रोबीरेन?" घालून बघू का. "हाबन झी दास आइने नूमर ग्र्योसर?" एक नंबर मोठा आहे का. शनिवारी जा, रविवारी दुकानं बंद. लेबलवर दोन-तीन देशांचे नंबर असतात, जर्मनीचा ३८ म्हणजे फ्रान्सचा ४०, बघून घ्या. आणि हिवाळ्याचं काही घ्यायचं असेल तर घरून स्वेटर घालूनच जा.

ते याके अजून कपाटात आहे, चेन दुरुस्त केलीये. कुणाला ३६ बसत असेल तर सांगा. पासनवालं बसणं म्हणतेय मी.