हार्ड डिस्क गायब? विंडोज टाकायची घाई नको

चालता चालता पीसी बंद पडतो, परत सुरू केला तर हार्ड डिस्कच सापडत नाही. आधी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा सेटिंगचा प्रोग्राम, उघडा. डिस्कचं नाव तिथं दिसतंय, पण तारीख भलतीच मागची आहे? मग मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल गेलाय. सेल गेल्यानं बायोसची सेटिंग पुसली की साटा मोडही (मदरबोर्डनं डिस्कशी बोलायची पद्धत) बदलू शकतो आणि विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं. सेल बदला, मोड आधीचा होता तोच ठेवा.

बायोसलाच डिस्क दिसत नसेल तर पीसीची विजेची पिन काढून साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) आणि पोर्ट बदलून बघा. सगळ्याच डिस्क एकदम गायब होत असतील तर माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. परभणी-बीडकडचा उन्हाळा, त्यात लाइटची ये-जा, वरून पंख्यात बसलेली धूळ, टिकणार किती? पीसी चालू असताना मल्टिमीटरवर त्याची पिवळी वायर ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल ४.७५ ते ५.२५ दाखवायला हवी. एसएमपीएस मात्र खोलू नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरचा शॉक बसतो.

डिस्क टकटक वाजतेय? मग सगळे प्रयोग थांबवा, आधी डेटा काढून घ्या.